मृगाच्या आधी बँकेत येणारं सोनं

अमळनेरात राहून गुंतवणुकीवर बोलायचं म्हणजे जरा जपूनच तोंड उघडावं लागतं. १९४५ साली इथे वनस्पती तुपाचा कारखाना निघाला. त्याचे शेअर ज्यांनी घेतले आणि ट्रंकेच्या तळाशी टाकून दिले, त्यांची नातवंडं आज त्याच कारखान्यातून पुढे झालेल्या विप्रोच्या जिवावर निवांत आहेत. त्यामुळे गावात कुणी "सोनं घेऊ का हो?" असं विचारलं, की शेजारचा हमखास म्हणणार, "सोनं काय देतं? ना व्याज, ना लाभांश, ना बोनस."

त्याचं काही चूक नाही. पण मी नोकरीतली बरीच वर्षं तालुक्यातल्या शाखांमध्ये सोनेतारण कर्जाच्या टेबलावर काढली आहेत, आणि सोनं कशासाठी घेतात हे मला शेअरवाल्यांपेक्षा त्या टेबलानं जास्त शिकवलं. निवृत्त झाल्यापासून नात्यातलं, गल्लीतलं कुणी ना कुणी सराफाकडे जायच्या आधी माझ्याकडे चहाला येतं. दर वेळी तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकते.

आमच्याकडे सोनं बँकेत यायचा एक हंगाम असतो. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया झाली, लग्नं आटोपली, की मेच्या शेवटापासून रांग लागते. कपाशीचं बियाणं, खताच्या गोण्या, नांगरटीचे ट्रॅक्टरवाल्याचे पैसे, सालदाराची उचल, सगळं मृगाच्या आत हवं असतं. घरात रोकड नसते. मग पाटल्या निघतात, पोत निघते, लेकीच्या बाळंतपणात आलेली साखळी निघते. हे सगळं दसरा-दिवाळीनंतर, कापसाची पहिली-दुसरी वेचणी विकली की परत जातं. भाव पडला तर संक्रांतीनंतर. आणि पावसानं दगा दिला तर व्याज भरून पुढच्या वर्षावर. एकच पाटली मी अशी कित्येकदा आत-बाहेर जाताना पाहिली आहे. दागिना तोच, पाकीट नवं, लाखेचं सील नवं, आणि बाईच्या हातावरच्या सुरकुत्या तेवढ्या वाढलेल्या.

या सगळ्या व्यवहाराचा पाया रसायनशास्त्राचा आहे. सोन्याचा अणुक्रमांक ७९. हा धातू हवेशी, पाण्याशी, घामाशी, साबणाशी काही देणंघेणं ठेवत नाही. लोखंड गंजतं, तांबं हिरवं पडतं, चांदी काळी पडते. शुद्ध सोनं शंभर वर्षं मडक्यात पुरून ठेवा, काढाल तेव्हा तसंच. म्हणून बँक तिजोरीत ठेवताना त्याला ऊन-वारा-वाळवी कशाचीच चिंता करत नाही. कापसाच्या गाठींवर कर्ज द्यायचं तर गोदाम, विमा, पहारेकरी हे सगळं आलं. पाटलीला एक कप्पा पुरतो.

पण "सोन्याला काही होत नाही" हे वाक्य पुरतं खरं नाही, आणि जिथे खरं नाही तिथेच माणसं फसतात.

एकदा चोपडा रस्त्यावरच्या एका गावातली बाई आली. तिच्या पाटल्या आमच्याकडे दरवर्षी यायच्या, त्यामुळे रजिस्टरात मागची वजनं होती. जोडी २४ ग्रॅमच्या वर भरायची. त्या वर्षी काट्यावर १९ आणि काही. बँकेसाठी दागिने तपासणाऱ्या सराफानं दोनदा तोललं, काटा शून्यावर आणून पुन्हा तोललं. पाटल्या तर लखलखत होत्या, नुकत्या घडवल्यासारख्या. बाई अहिराणीत म्हणाली, "ताई, या मन्ही मायन्या शेतस, बदलेल नहीत." म्हणजे माझ्या आईच्या आहेत, बदललेल्या नाहीत. पाटल्या खरंच बदललेल्या नव्हत्या. चौकशी केल्यावर निघालं, की दारावर दोन पोरं आली होती, दागिने चमकवून देतो म्हणाली. समोरच, डोळ्यांदेखत, वाडग्यातल्या पाण्यात पाटल्या बुडवल्या, ब्रशनं घासल्या, हळदीच्या डब्यात ठेवून दिल्या आणि अर्ध्या तासानं उघडा म्हणून सांगून गेली.

ते पाणी म्हणजे अम्लराज. मिठाचं तीव्र आम्ल तीन भाग, नत्राम्ल एक भाग. दोन्ही वेगवेगळी सोन्याचं काही बिघडवू शकत नाहीत, एकत्र आली की सोनं विरघळतं. वरचा थर विरघळला म्हणूनच पाटली चमकली. पोरांनी वाडगं घरी नेलं असणार आणि त्यातून सोनं परत काढलं असणार, ते काही अवघड नाही. आता सोडियम सायनाइडमध्येही सोनं विरघळतं, खाणीत तेच वापरतात, पण ते आपल्या दारात येत नाही. पारा मात्र येतो. थर्मामीटर फुटून पारा अंगठीला लागला, की अंगठी पांढरी पडते, कारण पारा सोन्यात शिरून बसतो. अशी अंगठी घरी गॅसवर तापवू नका. पाऱ्याची वाफ विषारी असते. सराफाकडे न्या आणि काय झालं ते आधी सांगा.

दागिन्याची झीज होते तीही लक्षात ठेवण्यासारखी आहे. शुद्ध सोनं इतकं मऊ, की एका ग्रॅमचा ठोकून ठोकून जवळजवळ एक चौरस मीटर वर्ख होतो आणि ओढली तर दोन किलोमीटरच्या वर तार निघते. त्याची बांगडी घातली तर भाकरी थापतानाच वाकेल. म्हणून २४ भागांतले २२ सोनं आणि २ भाग तांबं-चांदी. शेकड्यात सांगायचं तर ९१.६, दागिन्यावर ९१६ कोरलेलं असतं ते हेच. तांबं जास्त घातलं तर लालसर झाक, चांदी जास्त तर फिकी पिवळी. तरीही रोज अंगावरचा दागिना झिजतोच. दोन पाटल्या एकमेकींवर घासतात, वर्षाला काही मिलिग्रॅम जातात. जुन्या आज्यांच्या पाटल्या कडेला कागदासारख्या झालेल्या असतात त्या याच कारणानं.

आता कसोटी. हल्ली यंत्रं आली, एक्स-रे मारून मिनिटभरात कॅरेट दाखवतात. पण तालुक्याच्या शाखेत माझ्या काळात सराफाची पिशवी आणि दगड हेच यंत्र होतं. काळा, गुळगुळीत, तळहाताएवढा दगड. आमच्याकडे यायचे ते वयस्क काका आधी दागिना दगडावर लांब ओढायचे. पिवळी रेघ उमटायची. तिच्या शेजारी ज्यांचं कॅरेट माहीत आहे अशा सळ्यांच्या रेघा. मग काचेच्या कांडीनं तेजाबाचा थेंब आडवा फिरवायचा. पितळेची रेघ हिरवट फेस येऊन पुसून जाते. हलक्या सोन्याची रेघ करपून पातळ होते. २२ कॅरेटची रेघ जागची हलत नाही. काका डोळे बारीक करून दगड खिडकीकडे तिरपा धरायचे आणि मग फक्त "लिहा" म्हणायचे. संध्याकाळी निघताना मेणाचा एक काळपट गोळा दगडावर दाबून फिरवायचे. दिवसभराच्या रेघांचं सोनं मेणाला चिकटतं. वर्षभरानं तो गोळा जाळला की तळाला काहीतरी उरतंच. मी हसले तर म्हणाले, "सराफाचं घर याच्यावर चालत नाही, पण सवय मोडू नये."

दगडाची एक मर्यादा आहे, तो वरचंच बोलतो. जाड मुलामा दिलेली चांदी पहिल्या रेघेला २२ कॅरेट म्हणून पास होते. म्हणून काका त्याच जागी तीन-चारदा जोर लावून घासायचे, आणि शंका आली तर गिऱ्हाइकाला विचारून कानशीनं आतल्या बाजूला बारीक खाच पाडायचे. पाण्यात तोलून घनता काढायची पद्धत जुनी आणि चांगली. सोनं पाण्याच्या १९.३ पट जड, चांदी साडेदहाच पट. पण टंगस्टन जवळजवळ सोन्याइतकाच जड असतो, त्यामुळे आत टंगस्टन भरलेली लगड या परीक्षेतूनही सुटते. दागिन्यात सहसा ही भीती नाही. अनोळखी माणसाकडून स्वस्तात बिस्कीट घेणाऱ्यांनी भ्यावं.

आमच्या टेबलावर सगळ्यात जास्त वाद व्हायचे ते बोरमाळेवरून. बोरमाळेचे, मोहनमाळेचे मणी आतून पोकळ, पातळ पत्र्याचे, आणि आकार टिकावा म्हणून आत लाख भरलेली. घरधनी सांगणार पंधरा ग्रॅमची माळ, सराफ लिहिणार सात-आठ ग्रॅम सोनं. "आम्हाला चोर समजता का" इथपर्यंत बोलणं जायचं. खड्यांच्या कुड्या, मोत्यांची नथ, काळ्या मण्यांची पोत, सगळ्यांत हीच गत. एकूण वजन वेगळं, निव्वळ वजन वेगळं, आणि कर्ज मिळतं ते निव्वळ वजनावर. त्यातही पूर्ण किमतीइतकं नाही. बराच काळ नियम किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतचाच होता. दुकानातून दागिना घेताना पावतीवर ही दोन्ही वजनं वेगवेगळी लिहून घ्या, एवढं एक केलंत तरी पुढचे निम्मे तंटे मिटतात.

नथीचं म्हणाल तर ती बायका फारशी तारण ठेवायच्याच नाहीत. एक तर तिच्यात सोनं कितीसं, आणि दुसरं म्हणजे श्रावणात आमच्या खान्देशातली देवी, कानबाई, बसते. ऐन त्या वेळी निम्म्या गावाचं सोनं आमच्या तिजोरीत. कानबाईला नथ तरी हवी ना. ज्यांची नथही गेलेली असे, त्या शेजारणीची आणायच्या. पाटल्यांवाचून चालतं, नथीवाचून कानबाई बसत नाही.

जळगावबद्दल लिहिल्याशिवाय हे पुरं होणार नाही. जळगावचं सोनं म्हटलं की वऱ्हाडातून, मराठवाड्यातून, पलीकडे बऱ्हाणपूरकडून माणसं येतात, लग्नाचा बस्ता आणि सोनं एकाच फेरीत उरकतात. तिथल्या चकाचक पेढ्या सगळ्यांनी पाहिलेल्या असतात. मला त्यांच्या मागच्या गल्ल्या जास्त आवडतात, जिथे माळ्यांवर कारागीर बसतात, त्यांतले कितीतरी बंगालहून आलेले. पुढ्यातल्या पाटाखाली झोळीसारखं चामडं किंवा खण, म्हणजे कानशीचा कीस त्यातच पडतो. हात धुतलेलं पाणीसुद्धा टाकत नाहीत, साठवतात. केर तर विकला जातो.

तो विकत घेतात झारेकरी. सकाळी लवकर, दुकानांची शटर वर जायच्या आधी, गेलात तर दिसतील. ब्रशनं गटाराचा काठ, पायऱ्यांच्या फटी झाडतात, गाळ घमेल्यात घेतात आणि पाणी घालून गोल गोल हलवतात. एकदा मी तासभर उभी राहून पाहिलं. आधी केस, कागद, हलकी माती वाहून जाते. मग वाळू. वाळू पाण्याच्या जेमतेम अडीच पट जड, सोनं एकोणीस पट, त्यामुळे घमेलं कितीही फिरवा, सोनं तळ सोडत नाही. शेवटी चिमूटभर काळी भुकटी उरते, तिच्यात लोखंडाचा कीस, चांदी, तांबं आणि कुठेतरी सोनं. लोखंड चुंबकानं ओढून काढायचं, उरलेल्यात पारा फिरवायचा, पारा सोनं गोळा करतो, मग पारा उडवायचा. हा शेवटचा भाग जीवघेणा आहे आणि तो उघड्या अंगणात, लेकराबाळांच्या शेजारी चालतो. कॉलेजात घनतेचा धडा शिकवताना एकदा पोरांना त्या गल्लीत न्यायला हवं.

विषारी वाफेवरून आठवलं. अजूनही लोक दुकानात अभिमानानं विचारतात, "केडीएम आहे ना?" केडीएम म्हणजे दागिन्याचे भाग जोडायच्या डाखात कॅडमियम. पूर्वी डाख हलक्या सोन्याचा असायचा, त्यामुळे जुना दागिना अख्खा आटवला की कस खाली यायचा आणि सराफ घट धरायचा. कॅडमियम ३२१ अंशांनाच वितळतं आणि आटवताना उडून जातं, म्हणून घट कमी. गिऱ्हाईक खूश. पण ते उडतं ते कारागिराच्या नाकात, आणि पुढे फुप्फुसं-मूत्रपिंडं जातात. भारतीय मानक ब्युरोनं त्याला मान्यता दिलेली नाही. तेव्हा केडीएम विचारू नका, हॉलमार्क विचारा. ब्युरोचं त्रिकोणी चिन्ह, कॅरेट, आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख क्रमांक. तो १ एप्रिल २०२३ पासून सक्तीचा आहे आणि ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की दागिन्याची माहिती दिसते. दुकानातच टाकून पाहा, सराफाला राग येत नाही. आला तर दुसरं दुकान.

शुद्धतेवरून सरकारनं एकदा भलताच प्रयोग केला होता, तो आता फारसा कुणाला आठवत नाही. चीनच्या युद्धानंतर, जानेवारी १९६३ मध्ये मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना, सोनं नियंत्रणाचे नियम आले आणि १४ कॅरेटच्या वरचे नवे दागिने घडवायला बंदी झाली. हेतू हा, की लोकांचा सोन्याचा सोस कमी व्हावा, परकीय चलन वाचावं, चोरटी आयात थांबावी. सोस काही कमी झाला नाही. देशभर सोनारांच्या भट्ट्या मात्र विझल्या. माझ्या माहेरच्या गल्लीतल्या सोनारकाकांनी त्या दिवसांत वखारीत कारकुनी धरली. त्यांची हातोडी, चिमटे, फुंकणी घरातल्या हळदी-कुंकवाच्या ताटाशेजारी फळीवर पडून असायचं असं आई सांगायची. कॅरेटचं बंधन काही वर्षांत सुटलं, कायदा मात्र १९६८ चा पक्का होऊन १९९० पर्यंत राहिला. आमच्या पिढीच्या आयांना बिस्किटापेक्षा पाटली बरी वाटते त्याचं एक कारण हेही आहे. लगड घरात ठेवणं तेव्हा गुन्हा होता, दागिना चालत होता.

आज ते कारण उरलेलं नाही, म्हणून हिशोब स्वच्छ मांडते. समजा सोनं १० ग्रॅमला लाख रुपये आहे आणि तुम्ही वीस ग्रॅमची साखळी घेतली. सोन्याचे दोन लाख. घडणावळ १२ टक्के धरली तर चोवीस हजार. त्यावर ३ टक्के जीएसटी, सहा हजार सातशे वीस. खिशातून गेले दोन लाख तीस हजार सातशे वीस. दुसऱ्या दिवशी मोडायला गेलात तर घट-बिट धरून दोन लाखांच्या आतच मिळतील. म्हणजे भाव पंधरा टक्के वाढेपर्यंत तुम्ही तोट्यात. नक्षीकामाला घडणावळ याहूनही चढी असते. लेकीला घालायची आहे, हौस आहे, तर खुशाल द्या घडणावळ, हौसेलाही मोल असतं. पण पेरणीची सोय म्हणून घेत असाल तर साधं वेढणं घ्या, नाणं घ्या. फार तर साध्या गोल पाटल्या. मीना नको, खडे नकोत, लाख तर नकोच.

माझा भाचा पुण्यात आहे, तो म्हणतो हे सगळं जुनं झालं, सोन्याचा खरा उपयोग आता यंत्रांत आहे. तेही खरं. सोनं गंजत नाही आणि वीज उत्तम वाहून नेतं, म्हणून मोबाइलच्या जोडण्यांवर त्याचा पातळ थर असतो. २०२१ च्या डिसेंबरात अवकाशात गेलेल्या जेम्स वेब दुर्बिणीच्या अठरा आरशांवर सोन्याचा मुलामा आहे, कारण अवरक्त किरण सोन्यावरून फार छान परावर्तित होतात. आणि त्या साडेसहा मीटरच्या आरशाला सोनं लागलं किती? साधारण ४८ ग्रॅम. जुन्या ११.६६ ग्रॅमच्या तोळ्यानं जेमतेम चार तोळे. आमच्याकडे एवढ्यात व्याही नाक मुरडतात. करोनात घरी टेस्ट करताना जी गुलाबी रेघ उगवायची, ती बऱ्याच किटमध्ये सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचीच. इतक्या बारीक कणांचं सोनं पिवळं दिसत नाही, लाल दिसतं. ज्यांच्याकडे गुंजभर सोनं नव्हतं त्यांनीही ते असं हाताळलं.

टेबलावर मी एका गोष्टीवरून साहेबांशी कायम भांडले, ती लिहिते. सोनं बाईचं, सही नवऱ्याची. पाटल्या तिच्या माहेरच्या, कर्ज त्याच्या नावावर, आणि सोडवल्यावर पाकीट कर्जदाराच्या हातात. नियम तसाच आहे, ज्याच्या नावावर कर्ज त्यालाच दागिना. दोन-तीन घरांत पाकीट बँकेतून निघालं आणि घरी पोचलंच नाही, मधेच सराफाकडे मोडलं गेलं. म्हणून मी अर्ज भरतानाच विचारायचे, "दागिने कोणाचे? मग कर्जही यांच्या नावावर करू, पैसे तुमच्या शेतात टाका ना." निम्मे पुरुष कुरकुरायचे. बायका बहुतेक गप्प असायच्या, पण एक म्हातारी पदर सावरत ठसक्यात म्हणाली होती, "पैसा हातमा ऱ्हास नही, सोनं ऱ्हास. मनाच नावे लिखा." पैसा हातात राहत नाही, सोनं राहतं, माझ्याच नावे लिहा, असं तिचं म्हणणं. तिच्या नावे लिहिलं. लेकीला दागिना देणाऱ्यांनीही पावती तिच्याच नावाची करावी आणि दागिन्याचा, पावतीचा फोटो तिच्या मोबाइलवर पाठवून ठेवावा.

राहिला पुतणीचा प्रश्न. तिला ऑफिसात घालायला ९ कॅरेटची कर्णफुलं घ्यायची आहेत. २०२५ पासून ९ कॅरेटलाही हॉलमार्क लागू झाला आहे, शिक्का ३७५. म्हणजे हजारात ३७५ भाग सोनं, बाकी तांबं-चांदी-जस्त. कडक असतात, सहज वाकत नाहीत, हरवली तर जीव जात नाही. घे म्हटलं. फक्त घामानं थोडी काळवंडतील, आणि मोडताना कुणी फार विचारणार नाही, हे धरून घे. ती म्हणाली, "काकू, मला मोडायचीच नाहीयेत." मग तर भावाकडे बघायचंही कारण नाही, डिझाइन बघ.